अंदमानची यात्रा : कुटुंबवत्सलांस कांहीं सूचना

‘काळें पाणी’ हे शब्द ऐकून आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगावर शहारे येत. त्याच अंदमानास आतां सुटींत मुलांबाळांसह पुष्कळ मंडळी जातात. ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु तयारीवांचून गेल्यास दगदगच पदरीं पडते. म्हणून आम्हांस महत्त्वाच्या वाटलेल्या चार गोष्टी वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम काळाविषयीं. या बेटांवर नैर्ऋत्येचा आणि ईशान्येचा असे दोन्ही पाऊस पडतात. मे ते नोव्हेंबर आकाशाचा भरंवसा नसतो. डिसेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंतचे दिवस उत्तम. चेन्नईहून विमान दोन-सव्वादोन तासांत श्रीविजयपुरम् येथें, म्हणजे २०२४ पर्यंत ज्यास पोर्ट ब्लेअर म्हणत त्या शहरीं, पोंचतें. घड्याळ आपलेंच चालतें, पण सूर्य फार आधीं उगवतो व हिंवाळ्यांत पांच-सव्वापांचासच मावळतो. तेव्हां पहाटेस निघावें. संध्याकाळवर कांहीं ठेवूं नये.

स्वराजद्वीप (पूर्वीचें हॅवलॉक) व शहीदद्वीप (पूर्वीचें नील) या बेटांस बोटीनें जावें लागतें. हवा बिघडली कीं बोटी बंद होतात. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशींच शहरीं परत यावें. ज्यांस बोट लागते त्यांनीं हलकें खाऊन मधल्या भागीं बसावें व आलेपाक जवळ ठेवावा. शाकाहारी जेवण मिळतें. तरी वृद्धांसाठीं मेतकूट, लाडू आणि नेहमींचीं औषधें घरूनच न्यावींत. लहान बेटांवर फोनचा भरंवसा नसल्यानें रोख पैसे बाळगावेत. कांहीं किनाऱ्यांवर मगरींची भीति असते. मनाईची पाटी दिसल्यास पाण्यांत पाऊलहि घालूं नये. पोंवळें अथवा शिंपला उचलून आणणें हा गुन्हा होऊं शकतो, हें मुलांस आधींच सांगावें.

बाराटांगकडे जाणारा रस्ता जारवा लोकांच्या राखीव अरण्यांतून जातो. तेथें थांबणें, त्यांस खाऊ देणें वा त्यांचीं छायाचित्रें घेणें कायद्यानें मना आहे. हा नियम जाचक वाटूं नये. आपल्याकडील गोवरासारखें दुखणें त्या मूठभर लोकांत घातक ठरूं शकतें. शिवाय मनुष्य हा कांहीं पाहण्याचा जिन्नस नव्हे. घरच्या वडिलांनींच कॅमेरा पिशवींत ठेवला, तर मुलांस निराळा उपदेश करावा लागत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. सेल्युलर जेलचें बांधकाम १८९६ त सुरू होऊन १९०६ त पुरें झालें. मूळच्या सात भुजांपैकीं तीनच आज उभ्या आहेत. एका भुजेच्या कोठड्यांचीं दारें शेजारच्या भुजेच्या पाठीकडे असल्यानें कैद्यास दुसऱ्या कैद्याचें तोंड दिसत नसे. बाबाराव व विनायकराव हे सावरकर बंधु येथेंच कोलूला जुंपले गेले. विनायकराव १९११ पासून १९२१ पर्यंत या बेटावर होते. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांस सकाळच्या थंड वेळीं सावकाश न्यावें. खालीं बसवून ठेवूं नये. ज्यांनीं लहानपणीं या कोठडीच्या कथा ऐकल्या, त्यांचाच हक्क तिच्यावर पहिला.

म्हणून आमची सूचना अशी, कीं पहिला दिवस या वास्तूस द्यावा, व समुद्रस्नान मग करावें. त्या निळ्या पाण्यास ‘काळें’ कां म्हणत, हें उमगल्यावर मुलें त्यांत खुशाल खेळोत.