कच्चा कैदी, पक्का हिशेब

तुरुंगाविषयी आम्हां पांढरपेशांचे ज्ञान सिनेमाने पुरवलेले. माणूस आत गेला की दुपारी त्याला पट्ट्यापट्ट्यांचे कपडे मिळतात आणि संध्याकाळी तो दगड फोडू लागतो, अशी घरोघरची समजूत. आमच्या बँकेचे एक खातेदार मात्र आठ महिने आत राहून, निर्दोष सुटून आले.

"कसले दगड नि कसलं काय, साहेब!" ते म्हणाले. "पहिला दिवस तुमच्या बँकेसारखाच. नुसती नोंदणी!"

आधी झडती. मग नाव, बापाचे नाव, गाव, अंगावरची खूण. डॉक्टरांनी तपासून जखमा-वळ वहीत उतरवले. खिशातले पैसे त्यांच्या नावावर जमा झाले. त्यातून कॅन्टीनचा साबण, बिस्किटे घ्यायची. खाते उघडण्याची एवढी तत्परता आमच्या शाखेत आढळत नाही. कपडे घरचेच, कारण खटला निकालात न निघालेला तो 'कच्चा' कैदी. गणवेश आणि सक्तीचे काम शिक्षा झालेल्या 'पक्क्या'ला.

रात्री बराकीत दिवा जळताच, आणि नव्या माणसाची जागा संडासाशेजारी. "कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारून!" ही अतिशयोक्ती नसावी. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची मंजूर क्षमता बरीच वर्षे 804 होती. अलीकडच्या काही वर्षांत तिथे तीन हजारांवर माणसे राहिली आहेत.

संध्याकाळी लवकर जेवण, मग मोजणी, मग कुलूप. आकडा जुळला नाही तर पुन्हा मोजणी. रोकड जुळेना म्हणून रात्री आठापर्यंत नोटा मोजणाऱ्याला हे नवीन नाही. फरक एवढाच, की आमच्या नोटांना बायकोमुलांची आठवण येत नाही.

"दिवस कसे काढलेत हो?" मी विचारले.

"पक्का कैदी रोज एक दिवस वजा करतो. मी कशातून वजा करू? वरचा आकडाच नाही. नुसती पुढची तारीख!"

बँकेत याला सस्पेन्स खाते म्हणतात. कुठे टाकायची हे न ठरलेली रक्कम तिथे पडून राहते. 2022 च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या दर शंभर कैद्यांत सुमारे 76 कच्चे होते. आमच्याकडे चार रुपये वर्षभर सस्पेन्समध्ये राहिले, तर ऑडिटर मॅनेजरसाहेबांना घाम फोडतो. माणसांसाठीही नियम आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते, की पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला, की त्याच्या सुटकेसाठी तुरुंग अधीक्षकाने न्यायालयाला लिहायचे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि आणखी काही अपवाद वगळून, अर्थात.

नियम झकास आहे. चार रुपयांच्या मागे लागणारा आमचा तो ऑडिटर तेवढा तिकडे पाठवायला हवा.