पणजी, पायी... आणि एक बोट

बरेच दिवसांनी लिहितोय. शाळेचं तिमाही, मग घरचं कार्य, मग आळस, असं करत राहूनच गेलं. पण गेल्या महिन्यात पुण्याच्या भाच्याचा फोन आला, "मामा, तुम्ही पणजीला जाऊन आलात ना, आम्ही पहिल्यांदाच चाललोय, काय काय बघू? आणि कॅसिनो?" त्याला फोनवर अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं इथे लिहितोय, कारण ते सांगायला जरा धीर लागतो.

आम्ही दोघंच गेलो होतो. संगमेश्वरहून मांडवी एक्सप्रेस पकडली की तीच गाडी मांडवीकाठी नेऊन सोडते, हा योग मला फार आवडतो. उतरायचं करमळीला, मडगावला नाही. करमळीहून पणजी दहा-बारा किलोमीटर. गाडी रात्री पोचते, तेव्हा टॅक्सी आधीच सांगून ठेवा. स्टेशनबाहेर उभं राहून घासाघीस करायची ती वेळ नव्हे.

राहायचं पणजीतच. कळंगुटला राहिलात की स्कूटर, पेट्रोल, पार्किंग यातच दिवस जातो. पणजी पायी फिरायचं गाव आहे. पांढऱ्या चर्चच्या पायऱ्यांपासून फोंतेन्हास दहा-पंधरा मिनिटांवर, दुसऱ्या बाजूला अठरा जून रस्ता (१९४६ साली लोहियांनी मडगावात सभा घेतली ती तारीख), खाली नदी. नदीकाठाने पश्चिमेकडे चालत राहिलं की कांपाल, कला अकादमी, आणि दम असेल तर थेट मिरामार. फक्त सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. आणि चप्पल नको, बूट घाला, फुटपाथ मधेच संपतो.

फोंतेन्हासमध्ये एक विनंती. ती घरं रंगीत आहेत म्हणून रिकामी नाहीत. आमच्यासमोर एक मुलगी कुणाच्या तरी उंबऱ्यावर बसून फोटो काढून घेत होती, आणि आतून एक आजी दार उघडायची थांबली होती, हातात कचऱ्याची पिशवी घेऊन. ही पुढे होऊन त्या मुलीला म्हणाली, "बाळा, जरा उठतेस का, त्यांना बाहेर यायचंय." आपल्या कसब्यात कर्णेश्वराच्या देवळापाशी कुणी असं आपल्या ओटीवर बसलं तर आपण काय म्हणू?

नाश्ता कॅफे भोंसलेत भाजी-पाव. मग बेतीची फेरीबोट. पलीकडे जायचं, पाच मिनिटं उभं राहायचं, परत यायचं. पायी माणसाला तिकीट पडलं नाही. हिला हे इतकं आवडलं की आम्ही तीनदा गेलो.

त्या फेरीबोटीतूनच ती जहाजं दिसतात. दिवसा नुसती पांढरी, गंजाचे ओघळ आलेली वगैरे. रात्री मात्र नदी ओळखू येत नाही. गोव्याच्या १९७६ च्या कायद्यात आधी १९९२ मध्ये आणि मग १९९६ मध्ये दुरुस्ती झाली, त्यातून ही सगळी आली. गंमत म्हणजे १९७६ सालीच आपल्या महाराष्ट्रानेही कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी लागूच झाला नाही, आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. आणि गोव्यात? २०२० च्या फेब्रुवारीपासून खुद्द गोंयकारांनाच जुगाराच्या दालनात जायला बंदी. म्हणजे ज्यांच्या दारात जहाज उभं, ते बाहेर. आत आपण.

मी गेलो. लपवत नाही. ही म्हणाली, "तुम्ही बघून या, माझे पाय दुखताहेत. पण प्रवेशाचे पैसे सोडून एक रुपया नाही." मी म्हटलं, "छे!"

नवख्यांसाठी: वय एकवीस पूर्ण हवं, ओळखपत्र हवं, हाफ पँट आणि स्लीपर चालत नाहीत. प्रवेशाच्या रकमेत जेवण असतं आणि थोडी खेळायची कुपनं, पण ती कुपनं परत देऊन पैसे मिळत नाहीत. वर विकतच्या चिप्सवर जीएसटी, ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४०. म्हणजे चाक फिरायच्या आधीच खिसा हलका. आत घड्याळ दिसत नाही, खिडकीही नाही.

आता मी गणिताचा मास्तर. रूलेटच्या चाकावर ३७ घरं असतात, १८ लाल, १८ काळी, एक हिरवं शून्य. लालवर लावलं तर ३७ पैकी १८ वेळा तुमचं, १९ वेळा त्यांचं. ते एक शून्य म्हणजे त्यांची शेती. हे मी दहावीला नाण्याचं उदाहरण देऊन वर्षानुवर्षं शिकवलंय: नाण्याला आठवण नसते. पाच वेळा छापा पडला म्हणून सहाव्यांदा काटा पडायची शक्यता वाढत नाही.

टेबलाशेजारी एक पाटी होती, मागचे आकडे दाखवणारी. काळा, काळा, काळा, काळा, काळा. माझं कुपन संपलं होतं. आणि मला, वीस वर्षं खडू झिजवलेल्या माणसाला, मनापासून वाटलं की आता लाल येणारच.

पाचशे लावले. काळा. हजार. काळा. दोन हजार. काळा. चार हजार लावले तेव्हा हात ओला झाला होता. गोळी शून्यात गेली.

साडेसात हजार. विहिरीच्या पंपाचं वाइंडिंग करायला काढलेले पैसे, परतीच्या वाटेवर रत्नागिरीत देऊन यायचे म्हणून पाकिटात होते. बोटीने धक्क्यावर आलो. जवळच आबे फारियाचा पुतळा आहे, समोरच्या बाईला संमोहित करतोय असा. त्याच्याकडे बघून मी खरंच हसलो, पण ते हसू काही बरं नव्हतं. खोलीवर हिला सांगितलं, "कुपन संपलं, जेवलो, आलो." वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता, हेच वाईट.

आणि हे इथे लिहायचं कारण आमचा चुलतभाऊ. गेली कित्येक वर्षं गणपतीच्या जागरणाला तो ओटीवर तीनपत्ती मांडतो, आणि मी दरवर्षी त्याला सगळ्यांदेखत बोलतो. दोन-दोन रुपयांचा डाव. एकदा तर आरतीच्या आधी पत्ते उचलून चुलीत घातले होते. दादा, तू हे वाचतोस मला माहीत आहे. यंदा तुझी पाळी.

परतीच्या गाडीत सांगेन सांगेन म्हणता रत्नागिरी आली. पंपवाल्याला भेटायला मी उतरलोच नाही, तेव्हा ही माझ्याकडे बघत राहिली. शेवटी करबुड्याच्या बोगद्यात सांगितलं. साडेसहा किलोमीटर अंधार, म्हटलं तोंड दिसणार नाही. पण तिथे आवाज इतका, की तिला ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा, ओरडून सांगावं लागलं. समोरचे काका ऐकून मोबाईलमध्ये बघायला लागले.

उक्षी येईपर्यंत ती गप्प. मग म्हणाली, "साडेसात हजार. आणि मला तीन दिवस फुकटच्या फेरीबोटीत फिरवलंत."

संगमेश्वरला उतरताना पाकीट तिने मागून घेतलं. रिक्षाचे पैसे तिनेच दिले.