उंदरिणीचे पंचांग

आमच्या धार-देवासकडच्या मराठी घरांत चौकात हिंदी आणि चुलीपाशी मराठी चालते. त्यामुळे 'घूस' हा शब्द मुलांना दोनदा शिकावा लागतो. घरी घूस म्हणजे वाड्याचा पाया पोखरणारा थोराड उंदीर. बाजारात घूस म्हणजे लाच. पोखरण्याचे काम मात्र दोघींचे सारखेच!

गणेश चतुर्थीचे दिवस सोडले तर उंदराशी आमचे नाते पिंजऱ्याचेच. म्हणून माझा एक जुना विद्यार्थी सर्पगृहासाठी पांढरे उंदीर वाढवतो हे कळले, तेव्हा नवल वाटले. नागपंचमीला आपण काहीही म्हटले तरी साप दुधावर जगत नाही. शेतातला उंदीर धरून त्याला घालावा, तर त्याच्या पोटात औषधाची गोळी असायची भीती. म्हणून ही घरची पैदास.

ती करायची तर उंदरिणीचे पंचांग पाठ हवे. मादी ५-६ आठवड्यांतच वयात येते. पण जाणता माणूस तिला ३-४ महिन्यांची होईपर्यंत नराजवळ सोडत नाही. दर ४-५ दिवसांनी ती माजावर येते आणि तो माज जेमतेम रात्रभर टिकतो. नर ८-१० दिवस सोबत ठेवला की दोन माज साधतात. २१ ते २३ दिवसांनी ती विते. एका वेताला बहुधा ८ ते १२ पिले. दोन आठवड्यांनी त्यांचे डोळे उघडतात, तीन आठवड्यांनी ती दुधावरून तुटतात.

खरी गोम पुढेच आहे. व्यायल्यावर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते. नर पिंजऱ्यातच असला, तर एक वेत अंगावर आणि दुसरे पोटात! अंगावर पिती पिले असली की नवा गर्भ रुजायला काही दिवस उशीर लागतो. निसर्गाने दिलेली सवलत तेवढीच. वहीतल्या हिशेबाला ही रीत फायद्याची दिसते, पण मादी खंगते आणि पुढची वेते लहान होत जातात.

त्याच्या भिंतीवर एक तक्ता आहे. जोडी लावली, नर काढला, व्याली, पिले तोडली, असे रकाने. शेवटचा रकाना तांबड्या शाईचा: विसावा. पिले तुटल्यावर दोन-तीन आठवडे मादीला नुसते खाऊ-पिऊ द्यायचे. मी विचारले, "अरे, सगळे शेवटी सापाच्याच पोटात जायचे. मग हे लाड कशाला?"

तो म्हणाला, "सर, पिले सापाची. विसावा तिचा."

मला आजी आठवली. तिची नऊ बाळंतपणे झाली, मुले पाच जगली. पाळण्याची दोरी आढ्यावरून कधी उतरलीच नाही, असे ती हसत सांगे. सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत तिला जे पडायला मिळे, तेही सोयर पाळायचे म्हणून. ती दमली आहे असे कुणाला वाटले म्हणून नव्हे. आजोबा तर मोठे नेमाचे. एकादशी, संकष्टी, ग्रहणाचा वेध, सारे त्यांच्या पंचांगात खुणा करून ठेवलेले असे. आजीच्या विसाव्याची खूण त्यात एकाही पानावर नव्हती.