आय नदीकाठची जोडगावे

ग्लॉस्टरशरमधील लोअर स्लॉटर आणि अपर स्लॉटर या दोन लहान गावांकडे निघालेल्या प्रवाशाला लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून सुटणारी गाडी मॉर्टन-इन-मार्शपर्यंतच नेते. बोर्टन-ऑन-द-वॉटरचे स्थानक १९६२ मध्ये बंद झाल्यामुळे पुढचा टप्पा बसने आणि शेवटचा मैलभर पायी पार करावा लागतो. गावांच्या नावाचा कत्तलीशी संबंध नाही. ‘चिखलाची जागा’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून ते आले असावे असे मानले जाते, आणि आय नदीचा ओलसर काठ पाहता ही व्युत्पत्ती पटते.

लोअर स्लॉटरमध्ये ही नदी, खरे तर ओढाच, मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडांच्या घरांसमोरून वाहते व तिच्यावर ठेंगणे साकव आहेत. येथील पाणचक्कीची नोंद १०८६ च्या ‘डोम्सडे’ या राजाज्ञेने झालेल्या जमीनपाहणीत आढळते. आजच्या इमारतीचे विटांचे धुराडे वाफेच्या जोडशक्तीची आठवण देते. आता येथे पीठ दळले जात नाही, आणि आठवड्याच्या किराण्यासाठी बोर्टन किंवा स्टो-ऑन-द-वोल्ड गाठावे लागत असल्याने मोटार न चालवणाऱ्या वृद्धांचा दिवस बसच्या वेळापत्रकावर बेतलेला असतो, ही गोष्ट देखण्या छायाचित्रांत कधीच उमटत नाही.

दोन्ही गावांना जोडणारी पायवाट शेतांतून जाते. जमीन खाजगी असली तरी अशा वाटांवरून चालण्याचा हक्क सर्वांना असतो, आणि १९४९ च्या कायद्याने या वाटा अधिकृत नकाशांवर नोंदवण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली; गावाची सर्वांत मोलाची सोय कदाचित हीच म्हणावी लागेल.

अपर स्लॉटरच्या चौकाभोवतालच्या घरांची पुनर्रचना १९०६ मध्ये एडविन लट्येन्स यांनी केली, ज्यांनी पुढे नवी दिल्लीची आखणी केली; तेथील भव्य राजपथांशी या बुटक्या छपरांची तुलना केल्यास त्यांच्या हाताचा संयम अधिकच जाणवतो. फ्रान्सिस विट्स हे १८०८ ते १८५४ या काळात येथील चर्चचे धर्मगुरू होते. त्यांच्या रोजनिशीतून त्या काळचे ग्रामजीवन कळते, तर त्यांचे निवासस्थान आज हॉटेल झाले आहे. दोन्ही महायुद्धांवर गेलेले सर्व गावकरी सुखरूप परतलेल्या मोजक्या इंग्लिश गावांपैकी हे एक असल्याने, मृतांच्या स्मृतिस्तंभाऐवजी येथील ग्रामसभागृहातील फलक परतलेल्यांचे स्मरण करतो.