चाकातली रबरी पट्टी : जळगाव ते धुळे

जळगावहून धुळ्याला जायचे म्हणजे सुमारे नव्वद किलोमीटरचा रस्ता. गिरणेवरचा बांभोरीचा पूल ओलांडला की विद्यापीठ लागते, मग पाळधी, एरंडोल, पारोळा आणि फागणे करीत माणूस धुळ्याला पोचतो. जुनी माणसे आजही ह्याला सहा नंबरचा हायवे म्हणतात; २०१० साली क्रमांक बदलले आणि तो ५३ झाला. दोन्ही बाजूंना कपाशी, बांधावर बाभळी आणि सुरत-नागपूरकडचे अखंड ट्रक, असा हा रस्ता आहे. मोटारसायकलवाल्याने येथे दोन गोष्टींना भ्यावे, ट्रकला आणि काट्याला, असे आम्ही समजत होतो. तिसरी गोष्ट आम्हांला पारोळ्याला कळली.

ऑक्टोबरचे दिवस होते. आमची आत्या धुळ्याच्या एका दवाखान्यात होती. दुपारी तिचे ऑपरेशन ठरले होते आणि त्याआधी भेट व्हावी, असा तिचा निरोप होता. आम्ही उभयता सकाळी आमच्या जुन्या, तारांच्या चाकांच्या मोटारसायकलवर निघालो. चारच दिवसांपूर्वी मागचा टायर नवा बसवून घेतला होता, त्यामुळे मनात काळजी नव्हती.

एरंडोलच्या अलीकडे मागचे चाक डगमगू लागले. पाहतो तर हवा गेलेली. रस्त्याकडेच्या दुकानात पंक्चर काढले, पैसे दिले आणि पुढे निघालो. पारोळा जवळ आला आणि चाक पुन्हा बसले. ह्या वेळी हवा एकदम गेली, गाडी आडवी सरकली आणि मागून येणाऱ्या ट्रकने कर्कश हॉर्न वाजवीत आम्हांला वळसा घातला. गाडी कशीबशी कडेला घेतली. पुढे अर्धा-पाऊण किलोमीटर ती ढकलत नेली, तेव्हा एका झाडाखाली पंक्चरचे दुकान दिसले.

दुकानातले बाबा वयस्क होते. त्यांनी ट्यूब बाहेर काढली, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात फिरवली. बुडबुडे आले. पण त्यांनी लगेच सोल्युशन लावले नाही. ट्यूब आमच्यासमोर धरून म्हणाले, “भाऊ, हाई भोक काटानं नही, मझारनं शे.” म्हणजे भोक काट्याचे नव्हे, आतल्या बाजूचे आहे.

त्यांची खूण सोपी होती. ट्यूबच्या ज्या अंगाला व्हॉल्व्ह असतो, ते अंग रिमकडचे. त्याच्या उलटे अंग रस्त्याकडचे. खिळा, काच, काटा ह्यांचे भोक रस्त्याकडच्या अंगाला पडते. भोक व्हॉल्व्हच्या अंगाला असेल तर चोर घरातच आहे असे समजावे.

त्यांनी रिममध्ये बोट फिरवायला सांगितले. तारांची टोके ज्या निपलमध्ये फिरवून ताणलेली असतात, त्या निपलांची डोकी रिमच्या आत उघडी होती. दोन ठिकाणी तारेचे टोक निपलच्याही वर आले होते. ह्या डोक्यांवर एक रबरी पट्टी असावी लागते. कोणी तिला रिम टेप म्हणतात, कोणी फ्लॅप. नवा टायर बसवताना कोणीतरी जुनी, फाटकी पट्टी काढून टाकली होती आणि नवी घातलीच नव्हती. ती टायरच्या आत राहते, बाहेरून दिसत नाही. म्हणून तिची आठवणही कोणाला होत नाही.

१८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप ह्या जनावरांच्या डॉक्टराने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. तेव्हापासून चाक हवेवर चालते, पण हवा ज्या पातळ ट्यूबमध्ये कोंडलेली असते तिला लोखंडाचा स्पर्श सोसत नाही. मोटारसायकलच्या चाकात बहुधा ३६ तारा असतात, म्हणजे ३६ निपले. खड्ड्यात चाक आदळले की ट्यूब त्यांच्यावर घासते. आपल्याकडच्या उन्हात रबर आणखी मऊ होते. मिश्रधातूच्या अखंड चाकाला अशी भोके नसतात, म्हणून त्याला ट्यूबलेस टायर चालतो; साध्या तारांच्या चाकाला ट्यूब आणि पट्टी दोन्ही लागतात.

बाबांनी कानशीने तारांची वर आलेली टोके घासली, रिममधला गंज पॉलिश पेपरने काढला आणि फडक्याने पुसले. नवी पट्टी त्यांच्याजवळ नव्हती, म्हणून जुन्या ट्यूबची सारख्या रुंदीची पट्टी कापून बसवली. “धुळ्याला पोचल्यावर नवी घाला, हिच्या भरवशावर राहू नका,” असे त्यांनी दोनदा बजावले. पुढे वाटेत हवा गेली नाही. पण धुळ्याला पोचायला तीन वाजले. आत्याला आत नेले होते. शुद्धीवर आल्यावर संध्याकाळी भेट झाली. सगळे सुखरूप पार पडले, तरी जाताना तिने दाराकडे पाहिले होते, हे तिच्या सुनेने सांगितले.

दुसऱ्या दिवशी धुळ्यात नवी पट्टी घेतली आणि ती बसवताना उभे राहून पाहिले. वाचकांनीही पाहावे, म्हणून क्रम देतो. पट्टी चाकाच्या मापाचीच घ्यावी; सतरा इंचीची अठरा इंचीला ओढून बसवू नये. पट्टीचे भोक प्रथम रिमच्या व्हॉल्व्हच्या भोकावर जुळवावे, मग दोन्हीकडून सारखी ताणत ती रिमच्या मधल्या खाचेत बसवावी. पीळ राहू नये, प्रत्येक निपल झाकले जावे आणि पट्टीची कड टायर बसतो त्या जागेवर चढू नये. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती घालावी, म्हणजे घडी पडत नाही. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवीत आणावी व व्हॉल्व्हपाशी संपवावी. शेवटी व्हॉल्व्ह किंचित आत दाबून सोडावा, म्हणजे ट्यूब कडेखाली चिमटत नाही. इन्सुलेशन टेप गुंडाळून काम भागवू नये. उन्हाने त्याचा चीक सुटतो आणि टेप सरकतो.

आणखी एक. चाकाचा आउट काढताना मिस्त्री निपले आवळतो, तेव्हा तारेचे टोक आत वर येते. म्हणून आउट काढल्यावर आणि नवा टायर घालताना पट्टी उघडून पाहावी. ह्या पट्टीला खर्च फार थोडा येतो. गाडीवर मागे घरची माणसे बसतात, हातात मूल असते. तेव्हा टायर बंद होण्यापूर्वी मिस्त्रीला एवढेच विचारावे, “दादा, आत पट्टी आहे ना? दाखवा.” चांगला कारागीर ह्या प्रश्नाने रागावत नाही, उलट त्याच्या न दिसणाऱ्या कामाकडे कोणीतरी पाहिले, ह्याचे त्याला समाधान वाटते.