विंचवाचं बिऱ्हाड नाना पेठेत

शनिवारी सकाळी अकरानंतर नाना पेठेत स्वतःची गाडी घेऊन जायचं नाही. हा पहिला सल्ला, आणि तोही फुकट. क्वार्टर गेटपाशी रिक्षा सोडायची, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला तुटका पार्ट पिशवीत टाकायचा आणि चालत आत शिरायचं. लक्ष्मी रोड आपल्या सगळ्यांना पाठ असतो. साड्या, सोनं, दिवाळीची गर्दी वगैरे. पण तोच रस्ता पूर्वेला जिथे पेठांमध्ये विरघळतो, तिकडे हिंजवडी-खराडीची जनता सहसा फिरकत नाही. फिरकायला हवं. तिथे पुण्यातल्या गाड्यांचं पोट आहे.

दहा बाय दहाचं दुकान. समोर काउंटर, मागे छतापर्यंत खोकी. एक दुकान फक्त बेअरिंगचं, एक फक्त काचांचं, एकात नुसते ऑइल सील. रबर, ग्रीस आणि उदबत्ती असा मिक्स वास. इथे पार्टचं नाव सांगून फारसा उपयोग नसतो, कॅटलॉगमधला नंबर सांगून तर शेठ तुमच्याकडे बघतही नाहीत. इथला मंत्र एकच, "सँपल आणलंय का?" मग तुम्ही वर्तमानपत्र उलगडता, शेठ तो पार्ट हातात फिरवतात, व्हर्नियर लावतात आणि पोऱ्याला हाक मारतात. तो शिडीवर चढतो आणि खालून तुम्ही देवाचं नाव घेता.

देवाचं नाव घ्यायचं कारण माझी गाडी. अबार्थ पुंतो, २०१६ची, नंबर एमएच बारा. बॉनेटवर विंचू. दिसायला साधी हॅचबॅक, म्हणजे सोसायटीतल्या काकूंना ती अजूनही "तुमची ती छोटी फियाट" वाटते. आत मात्र १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क ब्रेक. ऑक्टोबर २०१५मध्ये ती आली तेव्हा दिल्ली एक्स-शोरूम किंमत होती ९ लाख ९५ हजार. दहा लाखांच्या आत एवढी ताकद तेव्हा दुसरं कुणीच देत नव्हतं. लोकांनी कौतुक केलं, रिव्ह्यू वाचले, आणि जाऊन दुसरीच कुठलीतरी गाडी घेतली. चार-पाच वर्षांत फियाटने इथला गाशा गुंडाळला. २०२०मध्ये बीएस-सिक्सचे नियम आले त्याआधीच पुंतो, लिनिया वगैरे मंडळी बाजारातून गेली होती.

विंचवाचं म्हणाल तर कार्लो अबार्थ हा माणूस मूळचा व्हिएन्नाचा, जन्म नोव्हेंबर १९०८, रास वृश्चिक. १९४९मध्ये त्याने इटलीत आपली कंपनी काढली आणि राशीचा प्राणीच लोगो केला. फियाटच्या साध्यासुध्या गाड्या घ्यायच्या आणि त्यांना पळायला शिकवायचं, हा त्याचा धंदा. १९७१मध्ये फियाटने ती कंपनीच विकत घेतली. म्हणजे मूळ फंडाच असा, की घरातल्या सालस मुलाला थोडं बिघडवायचं.

आता मुद्द्याचं. ज्या कंपनीने देश सोडला तिची दहा वर्षं जुनी टर्बो गाडी कुणी घेतं का? ऑफिसमधल्या मित्रांनी याच दरम्यान ईएमआयवर सनरूफवाल्या एसयूव्ही घेतल्या. बाबांचा प्रश्न एका ओळीचा होता, "पार्ट कोण देणार, तुझा विंचू?" वर्षभर साठवलेले सव्वासात लाख हातात होते आणि या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी गाडी शोधायच्या आधी मेस्त्री शोधला. क्रम हाच ठेवा. गाडी महिन्याभरात मिळते, तिचं इंजिन ओळखणारा हात मिळायला वेळ लागतो.

मेस्त्री सापडले भोसरीत. पत्र्याची शेड, दोन जॅक, एक स्कॅनर आणि भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. त्यांनी आधी माझी शाळा घेतली. पुंतोचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन म्हणजे देशाचं इंजिन. स्विफ्टमध्ये तेच, डिझायरमध्ये तेच, इंडिका व्हिस्टामध्ये तेच. त्याचे पार्ट कुठेही मिळतील. टी-जेट पेट्रोलचं तसं नाही. लिनिया टी-जेटमध्ये त्याच जातीचं ११४ बीएचपीचं इंजिन होतं, पण त्या गाड्याही मोजक्याच. "खालचं सगळं साध्या पुंतोचं चालतं, बुश म्हणा, लिंक रॉड म्हणा. दारं, काचा, लाइटची काळजी नाही. इंजिनच्या वरचा सामान मात्र जपायचा," ते म्हणाले. "आणि पाच-सव्वापाचच्या वर जाऊ नका. दीड लाख बाजूला ठेवा. ते लागणारच."

तीन गाड्या पाहिल्या. पहिली नवी मुंबईत, लाल, दिसायला कडक. खाली बसवलेली, मोठा एक्झॉस्ट, ईसीयू रिमॅप केलेला. मालक कौतुकाने सांगत होता, "एकशे ऐंशी बीएचपी आहे, बॉस." मी विचारलं, क्लच कधी बदलला? "ओरिजिनल आहे." टायर कुठल्या सालचे? उत्तर नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. त्याचे सात वर्षांचे निघाले. म्हणजे पळवण्यावर खर्च आणि थांबवण्यावर शून्य. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी महाग.

दुसरी नाशिकची. इंजिन गरम करून ठेवलं होतं. कधीही गाडी बघायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर चहा प्या, गप्पा मारा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन पहिल्या दहा सेकंदांत जे बोलतं ते नंतर लपवतं. टर्बो गाडीत तर निळा धूर बघायचाच, स्टार्ट करताना आणि जोरात पळवून पाय काढल्यावर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. शिवाय या गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड नुकतेच पुसले होते. स्कॅनरमध्ये ते कळतं, कारण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दिसतात आणि त्या पुऱ्या व्हायला बरंच चालवावं लागतं. मालकाला काही बोललो नाही, निघालो.

तिसरी चिंचवडची. पांढरी, ६१ हजार किलोमीटर, पूर्ण स्टॉक. मालक पन्नाशीचे गृहस्थ, कंपनीत इंजिनिअर. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "लांबून आल्यावर गाडी लगेच बंद करता का?" ते माझ्याकडे जरा रागानेच बघून म्हणाले, "टर्बो आहे ना ती? मिनिटभर आयडल ठेवतो." सौदा माझ्या मनात तिथेच झाला. टर्बोची बेअरिंग ऑइलवर तरंगतात; तापलेली असताना इंजिन बंद केलं की तेच ऑइल आत करपतं. ज्या माणसाला हे माहीत आहे त्याची बाकीची फाइल बघायची गरज नव्हती. अर्थात बघितली. बिलं, इन्शुरन्स, कर्ज फिटल्याची नोंद आरसीवर, सगळं. पाच लाख पस्तीस हजारांत चावी हातात आली. मेस्त्रींच्या आकड्यापेक्षा दहा जास्त, आणि त्या फाइलपुढे मला ते जड वाटले नाहीत.

पहिले दोन महिने या गाडीवर मी जो खर्च केला तो कुणालाही दिसत नाही. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, कूलंट, ब्रेक फ्लुइड, चार नवे टायर. बेल्टचं गणित किलोमीटरवर नाही, वयावरही चालतं. रबर आहे, नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं, आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिनची वाट लागते. मित्र विचारायचे, "काय मॉडिफाय केलंस?" मी म्हणायचो, पाण्याचा पंप. पार्टीत फार टिकणारा विषय नाही हा.

आणि मग ताम्हिणी. सप्टेंबरमधला रविवार, पाऊस उघडलेला, मुळशीचं पाणी काठोकाठ. ही गाडी म्हणजे काय हे तुम्हाला ताम्हिणीतच कळतं. दोन हजार आरपीएमला टर्बो जागा होतो आणि मागून कुणीतरी हाताने ढकलावं तशी ती चढ ओढते. स्टीअरिंग जुन्या पद्धतीचं हायड्रॉलिक, रस्त्यातली खडी बोटांना कळते. डोंगरवाडीच्या पुढे एका चढावर फट्‌ असा आवाज, मग नुसतंच फुस्स. ताकद गायब. इंटरकूलरचा रबरी होज क्लॅम्पजवळ उभा चिरला होता. गाडी बंद पडत नाही अशा वेळी, पण टर्बोने दाबलेली हवा बाहेरच निघून जाते. सायकलच्या वेगाने पुण्यात आलो. मागे हॉर्न देणाऱ्यांत ऑफिसमधला एक सनरूफवालाही होता.

अधिकृत चौकशी केली तर पार्ट मागवावा लागेल, तीन-चार आठवडे, तेही नक्की नाही. बाबांनी काही विचारलं नाही. ते जास्त लागलं.

सोमवारी हाफ डे टाकून नाना पेठ. पहिल्या दुकानात "फियाटचं? बंद झालं ते." दुसऱ्यात "डिझेलचं देऊ?" तिसऱ्या दुकानातले शेठ सत्तरीचे, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी होज घेतला, आतला व्यास मोजला, बाक बघितला. "अबार्थ का?" म्हणाले. मी चाट पडलो. "आमच्याकडे येतात ना पोरं. पाच-सहा गाड्या येतात." मग आतून एक सिलिकॉनचा निळा होज आला, जाड, कापडी थरांचा, आणि बरोबर दोन स्टीलचे क्लॅम्प. "हा ट्रकवाले वापरतात. तुमची गाडी जाईल, हा नाही जायचा." बिल ठरलं त्यापेक्षा पन्नास रुपये कमी घेतले. का, तर "फियाट आमच्याकडे पण होती."

संध्याकाळी भोसरीत मेस्त्रींनी वीस मिनिटांत तो बसवला. आमच्या मागच्या पिढीत गाडी म्हणजे फियाटच. कुर्ल्याला बनणारी पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी, लग्नात फुलं लावलेली. त्यातली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. पण त्या गाडीवर हात बसलेली माणसं अजून काउंटरवर आहेत. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिसऱ्या दुकानात मिळालं.

रिमॅपचा किडा मलाही चावलाय, खोटं कशाला बोलू? पण आधी कायदा बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. इन्शुरन्सवाल्यांना न सांगता केलेला बदल अपघातानंतर तुमच्याच गळ्यात येऊ शकतो. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरबद्दल काय बोलायचं? रोडरोलरखाली चिरडलेले सायलेन्सर पेपरमध्ये पाहिलेच असतील. त्यात मला विशेष दुःख झालं नाही. रात्री साडेअकराला फर्ग्युसन रोडवर फटफट करत जाणं म्हणजे परफॉर्मन्स नव्हे.

म्हणून माझा खर्च कंटाळवाण्या जागी जातो. चांगले ब्रेक पॅड. चांगलं सिंथेटिक ऑइल, तेही कंपनीच्या मुदतीआधी. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं, ही गाडी त्याच्या आधीच्या काळातली, म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्या दर सर्व्हिसला बघून घेतो. बाकी ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर आणि पुण्यातले स्पीडब्रेकर, हा वेगळाच खेळ. सगळे तिरके काढायचे. मागचा रिक्षावाला शिव्या देतो, देऊ दे.

मागच्या महिन्यात गाडी रांजणगावला नेली. अष्टविनायक म्हणून आपण सगळेच तिथे गेलेलो असतो, पण ही गाडी बनली तिथेच, देवळापासून जवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात. वाघोलीची ट्रॅफिक, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर. पन्नास किलोमीटरला पावणेदोन तास, टर्बो घ्या नाहीतर बैलगाडी. दर्शन घेतलं, मग कारखान्याच्या रस्त्याला लागलो. फियाट आणि टाटाचा हा एकत्र प्रकल्प. आता तिथून टाटांच्या गाड्या निघतात, जीप निघतात. नव्याकोऱ्या एसयूव्ही लादलेले ट्रेलर एकामागून एक बाहेर पडत होते. गेटपासून जरा लांब गाडी उभी केली. सिक्युरिटीवाले काका चालत आले, मला वाटलं हटकणार. ते बॉनेटवरच्या विंचवाजवळ वाकले.

"ही आमच्याकडची ना?"

"हो काका, सोळा सालची."

त्यांनी गाडीला एक पूर्ण चक्कर मारली, टायर बघितले, काचेतून आत डोकावले. "आता नाही निघत ह्या," म्हणाले. "मीटर किती झालं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"चालू द्या मग. फक्त इथून पुढे लावा, ट्रेलर वळतो."