भिंतीवरचा लाल ठिपका

गोळी न भरता चाप ओढायचा, याला नेमबाज ‘ड्राय फायर’ म्हणतात. काम तसं कंटाळवाणं. खट्‌ असा आवाज होतो आणि नेम कुठे लागला असता ते फक्त मनाला ठाऊक. मन तर स्वतःला दहापैकी दहा देऊन मोकळं होतं!

लेझर काडतूस ही लबाडी चालू देत नाही. ते चेंबरमध्ये बसतं, फायरिंग पिन त्याच्या मागच्या बटणावर आदळली की क्षणभर किरण सुटतो आणि भिंतीवर लाल ठिपका उमटतो. चाप ओढताना मनगट हललं, तर ठिपक्याऐवजी छोटी रेघ. उजव्या हाताच्या नवशिक्याची ती बहुधा डावीकडे खाली घसरते.

ग्लॉकसारख्या पिस्तुलात मात्र दर वेळी स्लाइड मागे खेचावी लागते, तिथे लय तुटते. धक्का तर किरण देतच नाही. आणि खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवणं, चेंबर पुन्हा तपासणं, हे काही सुटत नाही.

मॉडर्न पेंटॅथलॉन या क्रीडाप्रकाराने तर सरावातच नव्हे, स्पर्धेतही छऱ्यांना कायमची रजा दिली. ऑलिंपिकमध्ये तिथे 2012च्या लंडनपासून लेझर पिस्तूलच आहे: धापा टाकत यायचं, 10 मीटरवरचं लक्ष्य पाचदा टिपायचं, की पुन्हा पळत सुटायचं.